बाशिंग : झाडावरचा एक नेचा

कोकणातल्या जुन्या आंब्या-फणसांच्या बुंध्यावर तपकिरी, कागदासारख्या पानांचा झुपका आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. नवरदेवाच्या कपाळी बांधावा तसा तो झाडाला बांधलेला दिसतो, म्हणून लोकांनी त्याला ‘बाशिंग’ म्हटले. शास्त्रात तो ड्रायनेरिया या प्रजातीतला नेचा. हे नाव ग्रीक भाषेतल्या ओक वृक्षाच्या नावावरून आले; लिनीअसनेही १७५३ साली आपल्याकडच्या जातीला नाव देताना ओकच्या पानाचेच साम्य धरले. ओक आम्ही पाहिलेला नाही. लग्ने पुष्कळ पाहिली. आम्हांस लोकांचे नावच अधिक बोलके वाटते.

याला बांडगूळ समजून कोयता लावणारे लोक आहेत. येथे थोडे थांबले पाहिजे. बांडगूळ आपली मुळे आंब्याच्या फांदीत घुसवते, तिच्यातले पाणी व क्षार शोषते. ते काढलेच पाहिजे. बाशिंगाचे जाड, तपकिरी खवल्यांनी झाकलेले खोड सालीवरून सरपटते. मुळे साल धरून राहतात, आत शिरत नाहीत. ते झाडाकडून जागा घेते, जेवण नाही. भाडेकरू आणि सावकार यांत जो फरक, तोच या दोघांत.

मग त्याचे पोट कशावर चालते? त्याला पाने दोन तऱ्हेची. एक हिरवी, खोल कातरलेली, दोन हातांपर्यंत लांब. अन्न मुख्यतः तीच तयार करतात. दुसरी आखूड, बिनदेठाची, खोडाला बिलगून उभी. ती लवकरच वाळतात, पण गळत नाहीत. पाहणाऱ्यास वाटते, मेलेली पाने उगाच जागा अडवून बसली आहेत. (हातात हत्यार नसलेला कामगार रिकामाच, असे समजणारे साहेब आम्हांला कारखान्यांतून पुष्कळ भेटले.) वस्तुतः पालापाचोळा, धूळ, किड्यांची घाण ही सारी त्या पानांच्या आणि बुंध्याच्या मधल्या खोबणीत साठते, कुजते, पावसाचे पाणी धरते. जमिनीपासून पंधरा हात उंचीवर नेच्याने स्वतःपुरती माती केलेली असते, आणि त्याची मुळे तीत पसरतात. कोरडे दिवस आले की हिरव्या पानांची पाती झडून नुसते दांडे उरतात; वाळलेली पाने मात्र आपल्या जागी कायम.

नेच्याला फूल नाही, बी नाही. हिरव्या पानाच्या पाठीवर ठिपके असतात, त्यांतली बीजुके वाऱ्यावर जातात. ओल्या सालीवर पडलेल्या बीजुकातून नखाएवढा हिरवा पापुद्रा उगवतो. त्यावरच्या नरपेशीला मादीपेशीपर्यंत पोहून जावे लागते. तेव्हा पाण्याचा थर हवाच. म्हणून याचे घर कोकण, गोवे, केरळ अशा भरपूर पावसाच्या मुलखात. तेथे तो खडकांवर आणि जुन्या भिंतींवरही दिसतो. त्याचे भाईबंद आफ्रिकेपासून हिमालय, चीन, ऑस्ट्रेलियापर्यंत पसरले आहेत. चीनमध्ये एका जातीचे खोड औषधात वापरतात आणि त्याला मोडलेले हाड सांधणारे अशा अर्थाचे नाव आहे. पण खोड काढले की नेचाच गेला.

रस्ता रुंद करताना जुना आंबा पडतो, त्याच्या बदली रोप लावले की कागदावर हिशेब मिटतो. रोपाला ना खडबडीत साल, ना रुंद बेचके. बाशिंगाने बसावे कोठे? निदान बागेतल्या झाडाला कोयता लावण्यापूर्वी एक हिरवे पान उलटून पाहावे. पाठीवर तपकिरी ठिपके असले तर ते बाशिंग. डहाळीवर फुले-फळे दिसली तर बांडगूळ.