सुरू न होणारे डिझेल एंजिन

पहाटे चार वाजता भाजी भरून उभी असलेली पिकअप सुरू झाली नाही, तर मालकाचे नुकसान केवळ एका फेरीच्या भाड्याएवढे नसते. बाजारातील लिलाव ठरल्या वेळी सुरू होतो. तो हुकला की दुपारी कोथिंबिरीला आणि मेथीला कोणी विचारीत नाही. अशा वेळी माणूस जे करतो ते समजण्याजोगे असले तरी बहुधा चुकीचे असते. तो किल्ली फिरवीत राहतो. थोड्याच वेळात बॅटरी उतरते, स्टार्टर तापतो आणि एका दोषाचे दोन दोष होतात. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक काळ स्टार्टर चालवू नये आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये त्याला उसंत द्यावी. त्या उसंतीचा उपयोग विचार करण्याकडे करता येतो.

येथे आपण विचार करणार आहोत तो यांत्रिक इंधनपंप असलेल्या जुन्या डिझेल पिकअपचा. टाटामोबाईल 207 ही या वर्गातील एक परिचित गाडी. अलीकडच्या गाड्यांत इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे असते; त्यांचे दोष शोधण्याची रीत निराळी आहे. जुन्या गाडीत मात्र जे काही घडते ते डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते, किंवा बोटांना जाणवते.

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल याने 1897 साली आउग्सबुर्ग येथे आपले एंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, तेव्हापासून त्याचे मूलतत्त्व बदललेले नाही. दट्ट्या हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या भागापर्यंत दाबतो. या दाबामुळे हवा पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापते आणि नेमक्या त्या क्षणी फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणजे एंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात: पुरेशा वेगाने फिरणे, पुरेशी उष्णता आणि वेळेवर पोहोचणारे इंधन. बॅटरी दुबळी असेल आणि एंजिन कण्हत कण्हत फिरत असेल, तर इंधनाचा शोध घेण्याआधी तिचीच व्यवस्था करावी.

बॅटरी ठीक असल्यास गाडीच्या मागे जाऊन धुराड्याकडे पाहावे आणि दुसऱ्यास किल्ली फिरवावयास सांगावे. ही एक तपासणी अर्धे काम करते. स्टार्टर फिरत असताना पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा धूर निघत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत आहे, पण पेटत नाही. मग दोष उष्णतेकडे शोधावा: हीटर प्लग जळाले असतील, संपीडन कमी झाले असेल किंवा इंधन फवारण्याची वेळ चुकली असेल. धुराचा मागमूसही नसेल, तर इंधन आतच येत नाही. पुढील विवेचन मुख्यतः या दुसऱ्या स्थितीचे आहे.

इंधनाचा मार्ग सरळ आहे. टाकीतून ते फीड पंपाने ओढले जाते, फिल्टरमधून गाळले जाते, अंतःक्षेपण पंपात प्रचंड दाबाखाली येते आणि अंतःक्षेपकांतून, ज्यांना सर्व मिस्त्री नोझल म्हणतात, सिलिंडरमध्ये फवारले जाते. या मार्गावर काही क्षुल्लक अडथळे असतात, आणि ते प्रथम पाहणे कमीपणाचे नाही. टाकीतील तरंगक अडकल्यामुळे काटा अर्धी टाकी दाखवीत असतो आणि टाकी रिकामी असते. एंजिन बंद करण्याची केबल ओढल्यानंतर पूर्ण आत गेलेली नसते. केबलऐवजी विजेवर चालणारी बंद-झडप असेल, तर किल्ली फिरवताच पंपापाशी ‘टक्’ असा बारीक आवाज आला पाहिजे. तो न आल्यास तारेचा जोड सुटला आहे किंवा झडपच निकामी झाली आहे.

या सर्वांहून अधिक वेळा आढळणारा आणि अधिक फसवा दोष म्हणजे हवा. द्रव दाबल्याने फारसा आकसत नाही, म्हणूनच पंपाने दिलेला दाब नोझलपर्यंत जातो. नळीत हवा शिरली की पंपाचा सारा जोर ती हवा दाबण्यातच खर्च होतो आणि नोझल उघडतच नाही. आता ही हवा शिरते कोठून? टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत एंजिन चालू असताना बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. त्यामुळे तेथे फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. नळी वरून कोरडी ठणठणीत दिसते, आणि मालक शपथेवर सांगतो की गळती कोठेही नाही. रात्री गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा आत येत राहते आणि नळीतील डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते. सकाळी पंपापुढे रिकामी नळी असते. एकदा कसेबसे सुरू झाल्यावर मात्र दिवसभर गाडीची तक्रार नसते.

सकाळी अडणारी आणि दुपारी न अडणारी गाडी पाहून पुष्कळ लोक थेट हीटर प्लग बदलतात. दोन्ही दोषांचे लक्षण वरवर सारखेच असते, हे खरे. परंतु निवाडा करण्यास पैसा लागत नाही. सकाळी किल्लीला हात लावण्यापूर्वी फीड पंपावरील हातपंप वीस-तीस वेळा दाबावा. प्रारंभी तो पोकळ लागून मग जड झाला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर रात्री डिझेल मागे उतरले होते. हातपंप पहिल्यापासून जड असेल आणि तरीही गाडी अडत असेल, तर हीटर प्लगांकडे वळावे. येथे एक बारकावा आहे. पडद्याच्या फीड पंपात एंजिनाचा कॅम उंच बाजूवर थांबला असेल, तर हाताची कळ दाबूनही काही होत नाही आणि पंप बिघडला असे वाटते. एंजिन थोडे फिरवून पुन्हा प्रयत्न करावा.

फट शोधताना दोष कधीपासून सुरू झाला हे विचारावे. “फिल्टर बदलल्यापासून” असे उत्तर आले, तर फिल्टरचे रबरी कडे नीट बसलेले नाही किंवा जुनीच तांब्याची चाती पुन्हा वापरली आहे. उत्तर स्पष्ट नसेल, तर नळीच्या मार्गात पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडावा. जाणारे बुडबुडे त्यात दिसतात. त्याहून निर्णायक उपाय म्हणजे स्वच्छ डिझेलचा लहान डबा एंजिनापेक्षा उंचावर टांगून त्याची नळी फीड पंपाला जोडणे. (डब्यात डिझेलच असावे, पेट्रोल नव्हे.) अशा रीतीने गाडी सुरू झाली, की दोष टाकी आणि फीड पंप यांच्या दरम्यान आहे हे सिद्ध होते, आणि दुरुस्तीला पाठविण्यासाठी महागडा अंतःक्षेपण पंप उतरवण्याची वेळ टळते. माझ्या पाहण्यात आलेल्या एका गाडीचा पंप दोनदा दुरुस्तीला गेला होता. दोष होता टाकीजवळच्या, उन्हाने तडकलेल्या रबरी नळीच्या दोन बोटांच्या तुकड्यात.

हवा काढताना क्रम पाळावा. प्रथम फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा आणि बुडबुड्यांचा फेस जाऊन सलग डिझेल येऊ लागले की हातपंप चालू असतानाच तो आवळावा. मग अंतःक्षेपण पंपावरचा स्क्रू. शेवटी गरज पडल्यास नोझलांकडे जाणाऱ्या नळ्यांच्या चाक्या अर्धा फेरा सैल करून स्टार्टर फिरवावा. या शेवटच्या पायरीला हात आणि चेहरा दूर ठेवावा. नोझल उघडण्यासाठी लागणारा दाब शंभर वातावरणांहून अधिक असतो, आणि अशा दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते व फारशी दुखत नाही. पण आत गेलेल्या डिझेलमुळे बोट, प्रसंगी हात गमवावा लागतो. असे झाल्यास घरगुती उपचार न करता तत्काळ शल्यचिकित्सकाकडे जावे.

इंधन स्वतःच दूषित असेल, तर हवा काढून काही उपयोग नाही. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतील वाफ थंड होऊन पाणी तळाशी साचते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळपट गाळ फिल्टरमध्ये अडकतो. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाची तोटी उघडून पाणी सोडून देणे इष्ट. रॉकेलच्या भेसळीचा परिणाम हळूहळू होतो. अंतःक्षेपण पंपाला वंगण पुरविते ते डिझेलच. त्याच्या आतील भागांमधील फट मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागांएवढी असते. पातळ, कमी वंगणशक्तीच्या इंधनाने ती झिजून वाढते. मग सकाळी, डिझेल थंड व दाट असताना, गाडी सुरू होते, आणि चहासाठी थांबल्यावर गरम असताना होत नाही, कारण तापून पातळ झालेले डिझेल दाब धरण्यापूर्वीच फटीतून निसटते. एंजिन बंद असताना पंपावर ओले फडके काही वेळ ठेवल्यावर ती सुरू झाली, तर पंप झिजला आहे असे समजण्यास हरकत नाही. या एका बाबतीत खर्च टळत नाही.

हिमालयाच्या उंच भागांत आणखी एक कारण येऊन मिळते. कडक थंडीत डिझेलमधील मेणासारखे घटक गोठतात आणि फिल्टर बंद करतात. लडाखमध्ये चालक या कारणास्तव डिझेलमध्ये रॉकेल मिसळीत असत. म्हणजे पंपाचे आयुष्य देऊन सकाळची फेरी विकत घेत असत. नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलने तेथे उणे 33 अंश सेल्सियसपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध केले. मैदानी प्रदेशात भरलेली टाकी घेऊन वर जाणाऱ्या गाडीला मात्र त्याचा लाभ मिळत नाही. तिच्या टाकीत खालचेच डिझेल असते, आणि पहिल्याच पहाटे तिचा फिल्टर मेणाने भरतो.