थोडा किरणोत्सर्ग गुणकारी असतो का? गैरसमज आणि वस्तुस्थिती

पानशेतच्या परिसरातला काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा बेसाल्ट. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम आणि थोरियम बरेच कमी. केरळातल्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर नेमके उलट आहे. तिथल्या वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट असल्याने काही घरांत किरणोत्सर्ग नेहमीच्या कित्येक पट भरतो. अल्प मात्रेच्या परिणामांवरचा वाद समजून घ्यायला ही दोन टोके उपयोगी पडतात.

गैरसमज १ : कारखाने, रुग्णालये नसलेल्या डोंगराळ भागात किरणोत्सर्ग नसतो.
वस्तुस्थिती : तो सर्वत्र असतो. जमीन, अंतराळातून येणारे किरण, हवेतला रेडॉन आणि अन्न यांतून माणसाला वर्षाला जागतिक सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. प्रौढाच्या शरीरातच पोटॅशियम-४० चे सुमारे ४,००० अणू दर सेकंदाला फुटत असतात. बेसाल्टच्या प्रदेशात जमिनीचा वाटा कमी असतो, शून्य नव्हे.

गैरसमज २ : एवढीशी मात्रा आरोग्याला पोषक असल्याचे सिद्ध झाले आहे.
वस्तुस्थिती : या कल्पनेला ‘हॉर्मेसिस’ म्हणतात. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ टी. डी. लकी यांनी १९८० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. अल्प मात्रेनंतर पेशींची डीएनए-दुरुस्ती सक्रिय होते, असे काही प्रयोगांत दिसले आहे. पण पेशीत दिसलेला बदल म्हणजे माणसाला झालेला फायदा नव्हे. मात्रेच्या प्रमाणात धोका वाढतो आणि त्याला सुरक्षित उंबरठा नाही, असे रेषीय प्रारूप मानते. २००५ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने अल्प मात्रेसाठी या प्रारूपावर शंका घेतली, तर २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या समितीने त्याचीच बाजू घेतली.

गैरसमज ३ : केरळच्या अभ्यासाने फायदा दाखवून दिला.
वस्तुस्थिती : २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात करुनागपल्लीच्या सुमारे ७०,००० रहिवाशांची सरासरी साडेदहा वर्षे नोंद ठेवली गेली. जास्त मात्रेच्या भागात कर्करोग वाढलेला आढळला नाही. ‘वाढ आढळली नाही’ आणि ‘फायदा झाला’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसऱ्या बाजूला, फ्रान्स, ब्रिटन व अमेरिकेतल्या तीन लाखांहून अधिक अणुउद्योग-कर्मचाऱ्यांच्या २०२३ मधील विश्लेषणात मात्रेबरोबर कर्करोगाने होणारे मृत्यू वाढताना दिसले.

गैरसमज ४ : शास्त्रज्ञांचे एकमत नाही, म्हणजे धोका खोटा किंवा भयंकर असणार.
वस्तुस्थिती : अडचण मोजणीची आहे. अमेरिकी समितीच्या अंदाजानुसार १०० माणसांपैकी ४२ जणांना आयुष्यात इतर कारणांनी कर्करोग होतो. त्या शंभरही जणांना एकदाच १०० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळाली, तर आणखी एकाला. हेच गणित १ मिलिसिव्हर्टला लावले, तर जादा रुग्ण १०,००० मध्ये एक. ४,२०० मध्ये मिसळलेला तो एक वेगळा काढणे जवळजवळ अशक्य. तेवढाच लहान फायदा असला, तर तोही असाच लपून राहील.

गैरसमज ५ : किरणोत्सारी पाणी शक्तिवर्धक असते.
वस्तुस्थिती : अमेरिकी उद्योगपती एबेन बायर्स ‘रेडिथॉर’ हे रेडियमचे पाणी ताकदीसाठी पीत. रेडियम हाडांत साठले, जबडा झिजला आणि १९३२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. ही मात्रा अल्प नव्हतीच. ‘थोडेसे’ या शब्दाखाली किती खपते, हे त्यातून कळते. घरात साचणारा रेडॉनही धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे महत्त्वाचे कारण मानला जातो.

नियम मात्र वाद मिटण्याची वाट पाहत नाहीत. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने नैसर्गिक व वैद्यकीय मात्रा वगळून सर्वसामान्यांसाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट मर्यादा ठेवली आहे. छातीच्या एक्स-रेची मात्रा साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी, तर पोटाच्या सीटी स्कॅनची ८ ते १० च्या घरात असते. निदानासाठी गरज असेल, तर तपासणी टाळू नये; गरज नसेल, तर ‘थोड्याने फायदाच होईल’ म्हणून करूनही घेऊ नये.