शिकागोची वर्तुळे
अमेरिकेतील शिकागो नगराची वस्ती १८४० साली जेमतेम साडेचार हजार होती. पुढे आगगाड्या आल्या, धान्याचा व गुरांचा व्यापार वाढला आणि १८९० साली ती दहा लाखांवर गेली! असे नगर वाढते तरी कसे? अर्नेस्ट बर्जेस या समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली त्याचे चित्र काढले : मध्यभागी बाजारपेठ, भोवती एकाबाहेर एक वर्तुळे. परदेशातून आलेली गरीब कुटुंबे आधी आतल्या दाटीत राहत. हाती पैसा आला की बाहेरच्या वर्तुळात जात. चित्र सुबक खरे. परंतु कृष्णवर्णीयांना पैसा असूनही बाहेर घर मिळत नसे. त्यांना घर विकावयाचे नाही, असे गोऱ्या मालकांचे आपसांत लेखी करार असत. ड्रेक व केटन या संशोधकांनी १९४५ साली हे ग्रंथात मांडले.