मुलग्यांच्या घरात लेक येते तेव्हा

दोन मुलगे वाढवलेल्या घराला नव्या बाळाची धास्ती वाटत नाही. पाळणा माळ्यावर असतो, दुपटी पेटीत असतात, रात्रीची जागरणे अंगवळणी पडलेली असतात. तरीही पुन्हा दिवस गेल्याची बातमी कळली की घरात एक प्रश्न हळूच डोके वर काढतो: या खेपेस मुलगी झाली तर? वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या बाजारगावांतील व्यापारी कुटुंबांत हा प्रश्न दोन निरनिराळ्या सुरांत विचारला जातो. आजी तो हौसेने विचारते. आजोबा गादीवर बसून, नफ्यातोट्याचा हिशेब मांडावा तशा सुरात विचारतात. आजींच्या हौसेला उत्तराची गरज नाही. आजोबांच्या हिशेबाकडे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. परदेशी राहणाऱ्या लेकीसुनांना डॉक्टर चारपाच महिने अगोदर मुलगा की मुलगी ते सांगतात आणि त्याप्रमाणे खरेदी होते. भारतात तसे विचारणे आणि सांगणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम असा कायदा केला आणि १९९४ साली केंद्राचा कायदा आला. 'दोन मुलगे आहेत, आता मुलगीच हवी, म्हणून विचारतो' ही सबबही चालत नाही, आणि चालू नये. तेव्हा आपल्याकडे मुलीसाठी म्हणून जी काही तयारी व्हायची ती तिच्या जन्मानंतरच सुरू होते. जन्मापूर्वीची तयारी फक्त बाळाची.

ती तयारी दोन मुलांनंतर फारच थोड्या पैशांत होते. भावांची झबली, टोपडी, कुंच्या आणि लंगोट लेकीलाही तितकेच शोभतात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत मुलाचे आणि मुलीचे असा भेद दुकानदाराने केला आहे, बाळाने नव्हे. पेटी उघडल्यावर कापड उन्हाकडे धरून पाहावे. विरलेले बाजूला काढावे, सैल पडलेले नाडी-बंद आणि सुटणारी बटणे काढून टाकावीत. आजीच्या जुन्या सुती लुगड्याइतके मऊ दुपटे बाजारात मिळत नाही. ज्या जिल्ह्यातील हिंगणघाटचा कापूस एके काळी परदेशी बाजारपेठांत गावाच्या नावाने ओळखला जात असे, तेथे बाळासाठी कृत्रिम धाग्याचे चमकदार कपडे विकत आणणे ही उधळपट्टीच म्हणावी लागेल. नवे काही हवेच असेल, तर वर्ध्याच्या मगन संग्रहालयात खादीचे मऊ कापड मिळते. १९३८ साली गांधीजींनी त्याचे उद्‌घाटन केले होते.

एका बाबतीत मात्र काटकसर आड येऊ देऊ नये. वर्षानुवर्षे डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे तसेच बाळाच्या अंगावर घालू नयेत. त्या वासाने काही नवजात बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. कपडे दोनतीनदा धुऊन कडक उन्हात वाळवावेत. वास राहिलाच तर ते कपडे वापरू नयेत. पुढच्या वेळी पेटीत कडुलिंबाचा पाला ठेवावा.

बाळंतिणीच्या खाण्यापिण्याचा खर्चही घराला ठाऊक असतो. सुंठ, ओवा, अळीव, डिंक आणि शुद्ध तूप वाण्याच्या घरात विकत आणावे लागत नाही, ते दुकानातून मागच्या दाराने आत येते. इतर घरांत बाळाच्या जिभेवर मध लावण्याची चाल असते. जैन घरांत मध वर्ज्य असल्याने ती चाल नाही, आणि आता डॉक्टरही एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नका असेच सांगतात. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही लागत नाही. डब्यातल्या पावडरीचा खर्च बाळंतिणीला विश्रांती दिली तर बहुधा वाचतो. प्रसूतीचे म्हणाल तर शासकीय रुग्णालयात शस्त्रक्रियेसह ती विनामूल्य होते. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालयही याच जिल्ह्यात आहे. तेथील आरोग्य विमा योजनेची वर्गणी खेडूतांनी एके काळी ज्वारीच्या रूपाने भरली होती. प्रतिष्ठेसाठी महागड्या खोलीत बाळंतपण करणाऱ्यांनी हे दोन पर्याय निदान पाहून यावेत.

मग आजोबांचा हिशेब कशाचा आहे? तो बाळाचा नाही, पंचवीस वर्षांनंतरच्या मांडवाचा आहे. मुलगी जन्मते त्या दिवशीच घरातल्यांच्या मनात तिच्या नावाने एक खर्चाचे खाते उघडले जाते. मुलाच्या नावाने उघडते ते भांडवलाचे. या मानसिक जमाखर्चाचा परिणाम सौम्य नाही. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात देशात दर १००० मुलग्यांमागे ९२७ मुली होत्या, जैन समाजात ८७०. २०११ साली हा आकडा ८८९ झाला. सुधारणा झाली, पण ती पुरेशी नाही. याच समाजाची साक्षरता २००१ साली ९४.१ टक्के होती आणि स्त्रियांची ९०.६ टक्के, देशात सर्वाधिक. जिथे पैसा आहे, शिक्षण आहे, मुंगी वाचावी म्हणून दिवेलागणीपूर्वी जेवण उरकले जाते, तिथे मुली कमी का, याचे उत्तर ऐपतीत सापडत नाही. ऐपत नसलेल्यांच्या घरी मुली जन्मतच आहेत.

लग्नाच्या खर्चाला वर्ध्यातच एक जुने उत्तर दिले गेले आहे. जमनालाल बजाज यांचे कुटुंब जैन नव्हे, अग्रवाल वैष्णव, परंतु मारवाडी पेढीच्या चालीरीतींत वाढलेले. ऐपत अशी की वर्ध्याहून मुंबईपर्यंत वरातीचा डामडौल सहज झाला असता. त्यांच्या कन्या कमला यांचा विवाह १९२६ साली साबरमती आश्रमात झाला, जेवणावळी आणि वाजंत्रीशिवाय. आई जानकीदेवींनी त्याआधीच अंगावरचे सोने उतरवले होते. ते त्यांनी पुन्हा घातले नाही. खर्च टाळण्यासाठी गरीब असावे लागत नाही, हे त्या घराने शंभर वर्षांपूर्वी दाखवले. गावागावांतल्या मंगल कार्यालयांनी त्यापासून काही घेतलेले दिसत नाही.

सोन्याचीच गोष्ट निघाली आहे तर तान्ह्या मुलीच्या दागिन्यांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. बिंदल्या, वाळे, पैंजण वर्षभरात तोकडे होतात. मोडीला नेल्यावर घडणावळ परत मिळत नाही, कर तर गेलेलाच असतो. मामाकडून बाळंतविड्यात काही यायचेच असेल, तर त्याने तितकी रक्कम रोख द्यावी आणि ती सुकन्या समृद्धी खात्यात जावी.

हे खाते मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत केव्हाही उघडता येते, टपाल कार्यालयात किंवा बँकेत. वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये, पंधरा वर्षे भरावयाचे. खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी रक्कम मिळते. अठरा वर्षांनंतर शिक्षणासाठी निम्मी काढता येते. जानेवारी २०२४ मध्ये व्याज ८.२ टक्के झाले. दराचा फेरविचार दर तिमाहीस होतो. हाच दर टिकला असे धरून महिना १,००० रुपयांचा हिशेब केला तर १,८०,००० रुपयांचे शेवटी सुमारे साडेपाच लाख होतात. तेच १२,००० रुपये दर वर्षी एप्रिलच्या ५ तारखेच्या आत एकदम भरले तर जवळपास २०,००० रुपये अधिक मिळतात, कारण महिन्याचे व्याज ५ तारखेनंतरच्या किमान शिलकेवर धरले जाते. व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. एकत्र कुटुंबात मात्र एक घोटाळा नेहमी होतो. आजोबा उत्साहाने स्वतः पालक म्हणून सही करावयास जातात. हे खाते आईवडिलांनी किंवा कायदेशीर पालकानेच उघडावयाचे असते. पैसे आजोबांनी खुशाल द्यावेत.

पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या छोट्या दुकानदारांसाठी राज्याची 'लेक लाडकी' योजना आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असल्यास केंद्राच्या मातृवंदना योजनेतून ६,००० रुपये आहेत. दोहोंना अपत्यसंख्येच्या व उत्पन्नाच्या अटी आहेत. दोन मुलग्यांनंतरच्या घरांनी अंगणवाडीत आधी विचारून घ्यावे.

पण मुलीची खरी तयारी या खात्यांत नाही, ती पेढीच्या दफ्तरात आहे. सेठ बच्छराज हे वर्ध्यातील मोठे व्यापारी. पेढीला वारस हवा म्हणून त्यांनी सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला एक लहान मुलगा नातू म्हणून दत्तक आणला. तोच पुढे जमनालाल बजाज झाला. मुलगा नसेल तर शेकडो कोस दूरवरून आणावयाचा, असा तो काळ होता, आणि त्या वेळच्या कायद्याला दुसरी वाट दिसत नव्हती. आज ती वाट आहे. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू होतो. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला जन्मतः सहदायाद मानले, केंद्राने २००५ साली तेच केले, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क तिला जन्मानेच आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने तर २०१५ मध्ये ज्येष्ठ कन्येला कुटुंबाची कर्ता मानले.

म्हणजे दोन भावांच्या पाठीवर आलेली ही चिमुकली ज्या क्षणी रडते, त्या क्षणी एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत ती भावांइतकीच भागीदार होते. प्रत्यक्षात काय होते? कुटुंबाच्या नावाचे, कर्त्याच्या सहीचे बँक खाते असते. त्यासोबत सदस्यांचे घोषणापत्र असते, त्यात अज्ञान मुलांची नावे आणि जन्मतारखा लिहिलेल्या असतात. मुलगा झाला की नवे घोषणापत्र आठवणीने दिले जाते. मुलगी झाली की कोणाच्या ध्यानात राहत नाही. ती पंचवीस वर्षांची होते, सासरी जाते, आणि एके दिवशी तिला राखीच्या किंवा भाऊबीजेच्या सुमारास हक्कसोडपत्रावर सही करण्यास बोलावले जाते. साडी दिली जाते, पेढा दिला जातो. सही न केली तर माहेर तुटेल, या भीतीने ती सही करते. भाऊ तिला फसवत असतो असे नाही. लहानपणापासून दफ्तरात तिचे नाव त्याने कधी पाहिलेलेच नसते. नाव आरंभापासून असते तर ते वगळण्याचा संकोच त्यालाही झाला असता.

ज्यांची मालमत्ता स्वकष्टार्जित आहे त्यांनी इच्छापत्र करावे. न केल्यास पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांना कायद्याने समान वाटा जातो, हेही मुलग्यांना लहानपणीच सांगितलेले बरे.

भावांच्या जुन्या कपड्यांत मुलगी वाढली तर बिघडत नाही, त्यांच्या जुन्या पुस्तकांतही नाही. मात्र त्यांच्या शिल्लक संधींत तिला वाढवू नये. भगवान ऋषभदेवांना शंभर पुत्र होते, आणि दोन कन्या. पुत्रांना राज्ये मिळाली. ब्राह्मीला पित्याने लिपी शिकवली, सुंदरीला अंक. अलंकार दिल्याची आठवण समाजाने ठेवली नाही, अक्षर आणि आकडा दिल्याची ठेवली. व्यापाऱ्याच्या मुलाला दहाव्या वर्षी गल्ल्यावर बसवतात. बहिणीलाही त्याच वर्षी बसवावे, खतावणी लिहिता यावी, जीएसटीचे विवरण वाचता यावे. याला खर्च काहीच नाही.

कागदपत्रांचा क्रम सोपा आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. नाव ठरलेले नसेल तर वर्षभरात ते दाखल्यावर विनाशुल्क घालता येते, पण बारशाच्या आठवड्यातच घातलेले बरे, पुढची प्रत्येक खिडकी दाखल्यावरचे नाव मागते. त्या दाखल्यावर सुकन्या खाते उघडावे. मग कुटुंबाच्या खात्याचे नवे घोषणापत्र भरावे, त्यात भावांच्या नावांखाली तिचे नाव व जन्मतारीख लिहावी, आणि पोच घेऊन ती प्रत पेढीच्या दफ्तरात लावावी.