बर्ड फ्लू : कोंबड्या हाताळणाऱ्यांनी स्वतःची काळजी कशी घ्यावी?

शेडमध्ये एकाएकी मरतूक सुरू झाली की मेलेल्या कोंबड्या उचलायला आधी मालक किंवा त्याचा मजूरच जातो, आणि तोही बहुधा उघड्या हाताने. बर्ड फ्लू असेल तर ही चूक जिवावर बेतू शकते.

भारतात कोंबड्यांमध्ये हा रोग प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. मार्च २०२५ मध्ये खुद्द सोलापूर शहरात मेलेल्या कावळ्यांमध्ये तो सापडला. माणसाला याची लागण क्वचितच होते. परंतु २०२१ मध्ये हरियाणातील एका मुलाचा त्याने बळी घेतला.

लागण कशी होते?

आजारी पक्ष्यांच्या विष्ठेत व नाका-तोंडाच्या स्रावात विषाणू असतात. पक्षी पकडताना किंवा गादी (लिटर) हलवताना उडणारी धूळ नाक, तोंड व डोळ्यांवाटे शरीरात जाते. म्हणून तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही.

काय वापरावे?

१. डोक्यासह सर्व अंग झाकणारा, पाणी न शिरणारा पोशाख.
२. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क. दाढी असल्यास तो नीट बसत नाही.
३. डोळ्यांना सर्व बाजूंनी झाकणारा गॉगल.
४. हातमोज्यांचे दोन जोड; वरचा जोड जाड रबरी.
५. रबरी गमबूट.

काढताना अधिक जपावे

काम संपल्यावर पोशाखाची बाहेरची बाजू दूषित झालेली असते. प्रथम बूट व हातमोजे जंतुनाशकाने धुवावेत. मग वरचे हातमोजे, आतली बाजू बाहेर येईल अशा रीतीने गुंडाळत पोशाख, नंतर बूट व आतले हातमोजे काढावेत. हात साबणाने धुऊन गॉगल आणि सर्वांत शेवटी मास्क, मागच्या पट्ट्या धरून काढावा. पुन्हा हात धुवावेत व अंघोळ करावी. घरच्या कपड्यांत शेडमध्ये किंवा शेडच्या कपड्यांत घरात जाऊ नये.

सोलापूरचे ऊन

उन्हाळ्यात या पोशाखात जीव घाबरा होतो आणि मजूर मास्क खाली ओढतात. म्हणून काम पहाटे करावे, पाळ्या लहान ठेवाव्यात, आधी भरपूर पाणी प्यावे. शेडमध्ये पाणी, तंबाखू, विडी पूर्ण वर्ज्य समजावी.

नंतरचे दहा दिवस

काम केलेल्या प्रत्येकाने दहा दिवस प्रकृतीकडे लक्ष ठेवावे. ताप, खोकला, घसादुखी, धाप किंवा डोळे लाल झाल्यास लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन कोंबड्यांशी संबंध आल्याचे आवर्जून सांगावे.

मरतूक दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. कोंबड्या स्वतः कापू, विकू वा ओढ्यात टाकू नयेत. भरपाई मिळते ती शासकीय पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नव्हे. तेव्हा लवकर कळविण्यातच आपले हित आहे. कोंबड्यांची नवी तुकडी पुन्हा भरता येईल. माणूस गेला तर परत येत नाही.