चमकदार फरशीचा घोटाळा

भोसरीतला एक छोटा कारखाना. पहिली पाळी सुरू व्हायला अर्धा तास आहे. तपासनीस जमिनीवर तीन फुटांच्या अंतराने दोन वजनं ठेवतो. वाण्याच्या मापांसारखी दिसतात, पण खाली वाहक रबर लावलेलं आहे. वजन प्रत्येकी सव्वादोन किलोच्या आसपास. आधी 10 व्होल्ट, रोध जास्त निघाला तर 100. मग मीटर वाचायचा.

फरशी करड्या व्हिनाइलची, आत काळ्या रेघा. त्या नक्षीच्या नव्हेत, कार्बनच्या. टाइलखाली काळा वाहक गोंद, त्याखाली तांब्याची पट्टी आणि पट्टीचं टोक भिंतीतून अर्थिंगला.

एवढा खटाटोप कशासाठी? कोरड्या हवेत साध्या व्हिनाइलवरून चालणाऱ्याच्या अंगावर 12,000 व्होल्टपर्यंत स्थिर वीज साठू शकते. दमट हवेत तोच आकडा अडीचशेवर येतो, म्हणून पुण्यात खरी काळजी पावसाळ्यात नव्हे, डिसेंबर-जानेवारीत. माणसाला चटका जाणवतो तो साधारण 3,000 व्होल्टनंतर. नाजूक चिप मात्र शंभराच्या आतही जाते. जाते तेही बरं. अर्धमेली झालेली चिप कारखान्यातल्या चाचणीत पास होते आणि गिऱ्हाइकाच्या घरी मान टाकते.

मग सरळ लोखंडी पत्राच का अंथरू नये? कारण वीज जायला हवी, पण सावकाश. शिवाय उघड्या तारेला हात लागलाच, तर अशा जमिनीवरच्या माणसाचं काही खरं नाही. स्थिर विजेपासून बचावाच्या एस20.20 या मानकात फरशीच्या रोधाची वरची मर्यादा आहे 1,000 मेगाओहम.

पॅकिंगच्या टेबलाशी मीटर ती मर्यादा ओलांडतो. तिथली फरशी आरशासारखी लखलखतेय.

“कालच पॉलिश मारलंय, साहेब,” सफाईच्या मावशी कौतुकाने सांगतात.

“तिथंच घोटाळा झाला ना, मावशी.”

बाजारातल्या साध्या पॉलिशचा पातळ थर वीज अडवतो. मावशींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. महागडी फरशी बसवणाऱ्यांनी पोछा मारणाऱ्या हातांचा विचार केलेला नसतो. थर खरवडून, धुऊन, वाळवून पुन्हा वजनं ठेवली. आकडा खाली आला.

आता चालून पाहायचं. तपासनीस दोन्ही बुटांना हील स्ट्रॅप, म्हणजे टाचेचा वाहक पट्टा लावतो, त्याची शेपटी मोज्यात तळव्याखाली सरकवतो. पायाचा घाम इथे कामी येतो. हातात मीटरची कांडी धरून तो चालू लागतो. पाऊल उचललं की पडद्यावरची रेघ उसळते, टेकलं की बसते. सगळ्यात उंच उसळी 60 व्होल्टची, मर्यादा शंभराची. मग तो एका पायाचा स्ट्रॅप काढून ठेवतो आणि त्याच वाटेने परत निघतो.