झाकली मूठ उघडताना

मराठी शिकविणाऱ्या माणसाला एक खोड असते. संकट दारात येऊन उभे राहिले, तरी तो आधी त्याच्या नावाची व्युत्पत्ती शोधू लागतो! गेल्या वर्षी आमच्या सहा वर्षांच्या धाकटीच्या केसपेपरावर डॉक्टरांनी ‘एपिलेप्सी’ हा शब्द लिहिला, तेव्हा माझेही तसेच झाले. फेफरे, मिरगी, आकडी, फीट. एका दुखण्याला आपल्याकडे नावे पुष्कळ. पण चारचौघांत त्यांतले एकही कोणी मोठ्याने उच्चारीत नाही.

जुना शब्द अपस्मार. ‘स्मर’ म्हणजे स्मृती; ती दूर होणे म्हणजे अपस्मार. चरकसंहितेत निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात या रोगाला स्वतंत्र अध्याय आहेत. ‘एपिलेप्सी’ हा शब्द ग्रीकांचा; ‘पकडणे’, ‘झडप घालणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. आपल्या वैद्यांनी रोग्याचे काय हरपते ते पाहिले, ग्रीकांनी त्याला कोणीतरी धरले असे मानले. पण त्याच ग्रीसमध्ये, हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात, हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, असे स्वच्छ सांगितले आहे. एवढे जुने शहाणपण आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचायला मात्र अजून अवकाश होता.

पहिला झटका आला श्रावणातल्या एका दुपारी. जेवता जेवता पोरीचे डोळे वर फिरले आणि हातपाय झटके देऊ लागले. शेजारीपाजारी प्रेमाने धावून आले. एकाच्या हातात कांदा, दुसऱ्याच्या हातात चप्पल, तिसऱ्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा. सौ.ने त्या सर्वांना हाताने दूर सारून तिला कुशीवर वळविले, तोंडातला घास व लाळ बाहेर येऊ दिली आणि डोक्याखाली पदराची घडी ठेवली. दोन मिनिटांत सारे थांबले. ती दोन मिनिटे कशी गेली, ते मराठीचा प्राध्यापक असूनही मला सांगता येत नाही.

पंधरवड्याने दुसरा झटका आला आणि तपासण्या सुरू झाल्या. मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख काढायचा, तर आदल्या रात्री मुलीला जागवायचे आणि डोक्याला तेल लावायचे नाही. नातीच्या डोक्यावर रोज तेल थापणाऱ्या माझ्या आईला ही दुसरी अट फार जड गेली. धाकटी मात्र रात्री एक वाजेपर्यंत गोष्टी ऐकत खुशीत जागली.

माणसाच्या मेंदूचा असा आलेख हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२४ साली प्रथम काढला. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी बोलत असतात. ज्याने त्याने आपापल्या वेळी बोलावे, असा तिथला शिरस्ता. कधीतरी पेशींचा मोठा घोळका एकदम ओरडू लागतो, तोच झटका. गोंगाट करणाऱ्या वर्गाशी वीस वर्षे गाठ पडल्यामुळे मला हे चटकन समजले! अशी मुले बुद्धीने मंद असतात, हा समज सरसकट खरा नाही. आणि हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत तर मुळीच नाही.

सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी औषध, भरपूर झोप आणि ठरल्या दिवशी तपासणी, असा उपचार सुरू झाला. पहिला महिना औषधाने पोर चिडचिडी झाली. आम्ही दोघे रात्री आळीपाळीने उठून तिचा श्वास ऐकत असू. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाले तर त्यांतले सत्तर टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्री तीन वाजता हा आकडा मी मनाशी पुष्कळदा घोकला आहे.

खरा पेच पडला तो गौरी-गणपतीत. घर माणसांनी भरलेले. आत्याने मला माजघरात बोलावून हलक्या आवाजात बजावले, “मुलीची जात आहे, बाबा. उद्या लग्न व्हायचंय तिचं. झाकली मूठ सव्वा लाखाची!” आईनेही मान डोलाविली.

आत्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ सालच्या दुरुस्तीने लग्नाच्या अटींमध्ये वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्माराचेही नाव घातले गेले, आणि तो शब्द वगळायला १९९९ साल उजाडावे लागले. कायद्याच्या पुस्तकातून शब्द गेला. आत्याच्या मनातून तो इतक्यात जावा, ही अपेक्षा कशी करावी? पण शाळेत झटका आला आणि बाईंना काहीच ठाऊक नसले, तर? वीस वर्षांनी यायच्या स्थळापेक्षा उद्या भरणारा वर्ग आम्हांला जवळचा वाटला. गणपती पोहोचवून आलो आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे शाळेत गेलो.

वर्गशिक्षिका तरुण होत्या. सारे शांतपणे ऐकून त्या म्हणाल्या, “मी काय करायचं, तेवढं लिहून द्या.” डॉक्टरांना विचारून मी लिहून दिले: तिला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवावे, गळ्याशी कपडा सैल करावा. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांहून लांबला, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरा आला, तर ताबडतोब इस्पितळात न्यावे.

मार्गशीर्षात तो प्रसंग आलाच. बाईंनी कागदाबरहुकूम सारे केले आणि मला फोनवर सांगितले, “एक मिनिट पन्नास सेकंद. आता झोपली आहे.” दोन दिवसांनी ती शाळेत गेली, तेव्हा बाईंनी मुलांना सारे समजावून ठेवले होते. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने विचारले, “दुखलं का गं?” ही म्हणाली, “मला काही आठवतच नाही.” मैत्रिणीने डबा उघडला आणि विषय संपला.

मोठ्यांच्या जगात तो इतका सहज संपत नाही. शाळेतली बातमी इमारतीत आली, त्याच्या दुसऱ्या रात्री वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ आमच्याकडे आले. चहा नको म्हणाले. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाले, “प्राध्यापक, मीही तीस वर्षं तीच गोळी घेतोय. घरात सांगितलंय, रक्तदाबाची आहे म्हणून. जावयांना अजून ठाऊक नाही.” नोकरी, संसार, दोन मुलींची लग्ने, सारे त्यांनी व्यवस्थित पार पाडले होते, फक्त तीस वर्षे मूठ आवळून धरली होती. ते गेल्यावर आई कितीतरी वेळ काही बोलली नाही.

आता पुन्हा दिवाळी आली आहे. जागरणाने झटका येण्याचा संभव वाढतो; तेव्हा रात्री उशिरापर्यंत फराळ-फटाके आणि पहाटे चारला अभ्यंगस्नान, हे आमच्या धाकटीला चालण्यासारखे नाही. गेल्या वर्षी ती उशिरा उठली, तेव्हा आईने पाहुण्यांना ‘अंगात जरा कसर आहे’ असे सांगून वेळ मारून नेली होती. यंदा आत्याने फोनवर विचारले, तेव्हा आईच ठणकावून म्हणाली, “तिला फिटा येतात, झोप पुरी व्हायला हवी. नरकासुर सात वाजेपर्यंत थांबेल!” न्हाणीघराच्या दाराची आतली कडी आम्ही काढून टाकली आहे. तेल-उटण्याला मात्र आता कोणाची हरकत नाही.

मार्गशीर्षापासून झटका आलेला नाही. साधारण दोन वर्षे अशी गेली, तर औषध हळूहळू कमी करण्याचा विचार करू, असे डॉक्टर म्हणतात. तोवर आपल्या मनाने एक मात्राही चुकवायची नाही. पुढे काय होईल, ते आज कोणीच सांगू शकत नाही. पण वाट पाहताना आम्ही एकटे नाही. बाईंना ठाऊक आहे, रिक्षावाल्या काकांना ठाऊक आहे, आणि तो कागद इमारतीच्या फलकावरही लागला आहे. तो लावला वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी.

वाचकहो, आपल्या ओळखीच्या एखाद्या घरातही अशी गोळी दुसऱ्याच कुठल्या आजाराच्या नावाखाली घेतली जात असेल. या दिवाळीत निदान घरातल्या माणसांना तरी तिचे खरे नाव कळू द्या. वेळ आलीच, तर कुशीवर वळवायला जवळ तीच माणसे असणार आहेत.